एकशिपी आणि पावाचा चुरा

लिहायचं लिहायचं म्हणून ठेवलेली ही गोष्ट आहे. 2025 च्या जानेवारीत आमच्या परतवाड्याच्या स्वयंपाकघरात समुद्रातल्या तिसऱ्या शिजल्या. शिजल्या म्हणण्यापेक्षा भाजल्या. एकेका शिंपलीत एकेक तिसरी, तिच्यावर लसूण-कोथिंबीर घातलेला पावाचा चुरा, आणि ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींना यात कसलं आलंय नवल, असं वाटेल. पण आमचं गाव मेळघाटच्या पायथ्याशी. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. सागवानाचा लाकूडबाजार, संत्र्याच्या बागा आणि बहिरमच्या यात्रेतलं मातीच्या हंडीतलं मटण ही आमच्या भागाची ओळख. आमच्या वऱ्हाडात समुद्र नाही. खारं पाणी मात्र आहे, पण ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं. त्यात तिसऱ्या होत नाहीत!

नवल एवढ्याचंच नाही. या घरात तिसऱ्या यायला सत्तेचाळीस वर्षं लागली, आणि त्या उशिराचा बराचसा दोष माझ्याकडे जातो. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. म्हटलं, आता आपल्याच चुलीचा थोडा इतिहास लिहून ठेवावा. आमच्या नातवंडांना तरी तो ठाऊक नाही.

आमची ही मूळची मालवणकडची. तिचे वडील वनखात्यात नोकरीला. 1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, त्या सुमारास त्यांची बदली परतवाड्याला झाली आणि मालवणचं ते कुटुंब या कोरड्या मुलखात येऊन पडलं. 1976 साली आमचं लग्न झालं. दोन्ही घरांनी जरा नाकं मुरडली, पण झालं. माझी आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला कडकडीत उपास. लग्न ठरतानाच तिने एक अट घातली होती, की चुलीवर अभक्ष्य चढणार नाही. हिने ती मान्य केली. त्यात मला काही वावगंही वाटलं नाही. ज्याच्या घरी जे चालतं ते चालतं, एवढाच माझा विचार.

1978 साली मोठी मुलगी झाली. तेव्हा हिचा भाऊ बाळाला बघायला मालवणहून आला. आधी मुंबई, मग मूर्तिजापूर, आणि तिथून अचलपूरच्या छोट्या गाडीने, म्हणजे आपल्या शकुंतलेने. ती आता बंद पडली. तेव्हा धुराचं इंजिन होतं, आणि मेहुणा उतरला तो कोळशाने काळा होऊन. त्याच्या ट्रंकेत बाळाला दुपटी होती, धुऊन स्वच्छ केलेल्या पाच-सहा शिंपल्या होत्या, आणि फडक्यात गुंडाळलेली एक काचेची बरणी होती. हिच्या आईने स्वतः घातलेलं तिसऱ्यांचं लोणचं. बाळंतिणीच्या तोंडाला चव यावी म्हणून नाही, तर दोन वर्षं लेकीने खाल्लं नसेल म्हणून.

आईने बरणी उजेडात धरून बघितली. "हे काय व? किडे भरले काय बाटलीत? माह्या चुलीजवय हे नाही चालनार."

मी दारात उभा होतो. काखेत नववीच्या पेपरांचा गठ्ठा. हिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आई म्हणते तर राहू दे." एवढंच. मग हिनेच ती बरणी परसात नेली आणि लिंबाच्या बुडाशी खड्डा करून रिकामी केली. मेहुणा दुसऱ्या दिवशी जायचा होता, तो त्याच संध्याकाळी वडिलांच्या क्वार्टरवर निघून गेला. यावर आमच्या घरात पुन्हा कधी एक शब्द बोलला गेला नाही.

शिंपल्या मात्र राहिल्या. त्यांना आईची हरकत नव्हती. बाळाला गुटी आणि दूध पाजायला शिंपलं लागतंच. आमच्याकडे पूर्वी ते नदीतलं असायचं, बिच्छन किंवा सापनच्या वाळूत सापडायचं. मालवणची शिंपली त्यापेक्षा गुळगुळीत आणि उथळ. आईने स्वतः नातीला मांडीवर घेऊन त्याच शिंपलीने दूध पाजलं. शिंपली पवित्र, तिच्यातला जीव निषिद्ध. या विसंगतीवर त्या वेळी कुणी बोट ठेवलं नाही. मीही नाही.

आता मधली तेहतीस वर्षं सोडून देतो. 2011 साली आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. एका रविवारी तो आम्हांला एका इटालियन हॉटेलात घेऊन गेला. तिथे ताटलीत डझनभर अर्ध्या शिंपल्या आल्या, प्रत्येकीवर सोनेरी चुरा, बाजूला लिंबाची फोड. त्यांना म्हणतात 'बेक्ड क्लॅम्स'. मी साहजिकच ब्रेडचा तुकडा चघळत बसलो. हिने एक शिंपली उचलली, उलटून खालून बघितली, आणि एकदम म्हणाली, "अगे बाये, ही तर एकशिपी!"

एकशिपी म्हणजे काय, हे मला लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर एका अमेरिकन हॉटेलात कळलं. तिसरी उघडली की तिच्या दोन शिंपल्या होतात. एक टाकून द्यायची आणि मांस एका शिंपलीतच ठेवायचं. मग ओलं खोबरं, मिरची, आंबटाला कोकम किंवा चिंच, असं वाटण लावून ती तशीच शिजवायची. खाताना शिंपली तोंडाला लावून ओढायची. एक शिंपली ठेवली म्हणून एकशिपी. गोव्यात आणि मालवणकडे हे घरोघरचं रांधप. फरक एवढाच, की कोकणात तिसरीवर खोबरं आलं आणि अमेरिकेत पावाचा चुरा. का बरं? मास्तराच्या डोक्यात किडा शिरला. परत आल्यावर बरंच वाचलं. त्यातलं जे पक्कं वाटलं ते सांगतो.

तिसरी हे मुळात गरिबाचं खाणं. मासा मारायला होडी लागते, जाळं लागतं, वारा लागतो. तिसऱ्यांना यातलं काहीच लागत नाही. ओहोटी लागली की बायका-मुलं खाडीत गुडघाभर पाण्यात उतरतात, पायाने वाळू चाचपतात आणि हाताने वेचतात. ही म्हणते, लहानपणी परकर खोचून त्या जायच्या आणि दोन तासांत टोपलं भरायचं. दर्यावर जाणारे पुरुष. खाडीतलं हे वेचणं बायकांचं. होडीचा मालक असतो, खाडीच्या वाळूचा कुणी नसतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची गोष्टही याहून फार वेगळी नाही. तिथल्या जाड शिंपलीच्या तिसरीला क्वाहॉग म्हणतात. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं. ते लोक हिचं मांस खात आणि शिंपलीच्या जांभळ्या भागाचे मणी करत. या मण्यांना वाम्पम म्हणत. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाले आले, त्यांच्याकडे नाण्यांची टंचाई. मग त्यांनीही हे मणी पैसा म्हणून चालवले. लिनियसने 1758 साली या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं त्यात 'मर्सेनारिया' हा शब्द आहे, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या मजुरी, मोबदला या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्याला यात नवं काही नाही. आपल्याकडेही कवडी चालायचीच. वऱ्हाडात आजही कापसाला भाव मिळाला नाही, की शेतकरी 'कवडीमोल' म्हणतो. समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी समुद्रातला पैसा!

याच तिसऱ्या लहान आकाराच्या असल्या की त्यांना तिकडे 'लिटलनेक' म्हणतात. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर त्या नावाची खाडी आहे. आणि 1880 नंतरच्या चाळीस वर्षांत इटलीतून सुमारे चाळीस लाख माणसं अमेरिकेत आली, त्यातली बरीचशी याच न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. बहुतेक दक्षिण इटलीतली आणि सिसिलीतली, म्हणजे त्या देशातल्या गरीब भागातली. 1861 साली इटली एक झाली, पण दक्षिणेच्या शेतमजुराच्या ताटात फार काही पडलं नाही. त्याच्याकडे पाव रोज भाजला जात नसे. भट्टी गावाची, जळण महाग. एकदा भाजलेला पाव पुष्कळ दिवस पुरवायचा. तो दगड झाला की खिसायचा, तेलात लसणीबरोबर परतायचा आणि जेवणावर भुरभुरायचा. श्रीमंत चीज घालत, हे चुरा घालत. चीजची तहान चुऱ्यावर!

आता बघा, ही माणसं न्यूयॉर्कला आली. तिथे खाडीत तिसऱ्या वेचल्या की मिळतात, आणि घरी शिळा पाव आहे. दोन्ही स्वस्त. मूठभर मांसावर मूठभर चुरा घातला की चार माणसांना पुरतं. लसूण, पार्सली, ऑलिव्ह तेल आणि ओरेगॅनो नावाची ओव्याच्या कुळीतली वाटावी अशी वासाची वाळली पानं, एवढा त्याचा मसाला. वरून लिंबू. पदार्थ तयार. मग हॉटेलवाल्यांनी तो उचलला. 1917 च्या सुमारास ऱ्होड आयलंडमधल्या एका कसिनोत याच अर्ध्या शिंपलीवर डुकराच्या मांसाची काप ठेवून 'क्लॅम्स कसिनो' निघालं, असं तिथला मुख्य वाढपी आपल्या आत्मचरित्रात सांगतो. तेव्हापासून ही ताटली पांढऱ्या टेबलक्लॉथवर जाऊन बसली. आम्ही न्यू जर्सीत पाहिली ती अशी सजलेली. मुळात ती दोन उरलेल्या गोष्टींची बेगमी आहे. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, त्याच बुद्धीची.

मग माझ्या मनात आलं, की गोव्यात तर हे दोन्ही चारशेहून जास्त वर्षं शेजारी नांदताहेत. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यांना जेवायला पाव हवा आणि चर्चमधल्या प्रार्थनेलाही हवा. यीस्ट नव्हतं, तर नारळाच्या सुरेने पीठ फुगवलं. साष्टीतल्या गावांत पाव भाजणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांना पोदेर म्हणतात, आणि आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच. पुढे याच गोवेकरांनी मुंबईत भट्ट्या घातल्या. म्हणजे तिसऱ्याही होत्या, पावही होता. तरी चुरा तिसरीवर का नाही पडला?

माझं उत्तर असं, की भट्टी पोदेराची होती, घरात चूलच होती. वरून धग लागल्याशिवाय चुरा खरपूस होत नाही. चुलीवर तो ओला लगदा होणार. आणि दुसरं म्हणजे चुऱ्याचं काम करायला नारळ बसलेलाच होता. थोड्या मांसाला भरीव करणं, त्यातलं खारं पाणी शोषून घेणं, तोंडाला स्निग्धपणा देणं, हे सगळं खोबरं करतं. सिसिलीच्या शेतमजुराला नारळ कुठला! ज्याच्या अंगणात जे, ते त्याच्या शिंपलीत. पाव मात्र गोव्यात उपाशी राहिला नाही. तिसऱ्यांच्या सुक्क्याच्या रसात तो चारशे वर्षं बुडतोच आहे.

इथवर सगळा दुसऱ्यांचा इतिहास झाला. तो लिहायला सोपा असतो.

पण मंडळी, पावाचा आपला महाराष्ट्रातला इतिहास मला सुखाने बसू देईना. पाव म्हणजे बाटण्याची खूण. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेलं सगळं गाव बाटलं, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात. म्हणूनच ज्यांना जात मोडायची होती, त्यांनी नेमका पाव हातात घेतला. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी काढली. ही गुप्त सभा होती. सभासद व्हायचं तर ख्रिश्चनाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यायचं. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हणून मंडळी घाबरली आणि सभा मोडली. पुढे 1890 साली पुण्याला पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचं प्रकरण झालं. रानडे, टिळक यांच्यासारखी मोठमोठी माणसं त्या यादीत. ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका बिस्किटापायी!

हे मी वर्गात फार रंगवून शिकवत असे. परमहंस मंडळीचा धडा आला की खडू खाली ठेवायचो. मुलांना विचारायचो, "एक पाव खायला एवढं धैर्य का लागावं? आणि यादी फुटल्यावर ही शिकलेली माणसं घाबरली का?" मुलं म्हणायची, "घरच्यांना भिऊन, सर." मी म्हणायचो, "शाब्बास!"

1978 साली मेहुणा आला, तेव्हा काखेत नववीचे जे पेपर होते, त्यात हा प्रश्न होता.

परतवाड्याला पाव तसा अपरिचित नव्हता. हे गावच छावणीचं. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचा तळ एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला लागून होता. 'परेड'वरूनच परतवाडा हे नाव पडलं असंही इथली माणसं सांगतात. फौज आली की पाव येतोच. आमच्या लहानपणी त्याला डबलरोटी म्हणत. ती कुणी हौसेने खात नसे; ताप आला की डॉक्टर सांगायचे, "दूध-डबलरोटी द्या." औषध म्हणून ती आमच्या घरात चालायची, पण खोलीत, चुलीशी नाही. उन्हाळ्यात बायका नानखटाईचं पीठ मळून ट्रे भरून बेकरीत न्यायच्या आणि भट्टीतून भाजून आणायच्या. बेकरीवाला परक्या धर्माचा. पण पीठ घरचं, तूप घरचं, मग नानखटाई चालते! नियम असे वाकायचे, आणि वाकवणाऱ्याला ते वाकले असं वाटायचंही नाही.

आई 1994 साली गेली. शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळून होती. पोळी गिळवत नव्हती. दूध-डबलरोटी हाच आहार. ती भरवायचं काम हिच्याकडे. सकाळ-संध्याकाळ वाटीत पाव कुस्करायचा, कोमट दुधात भिजवायचा आणि चमच्याने भरवायचा. आई एकदा मला म्हणाली, "तुह्या बायकोच्या हाताला चव हाय." लोणच्याबद्दल त्या दोघींत कधी बोलणं झालं का, मी विचारलं नाही. आई वाईट होती असं यातून कुणी वाचू नये. तिने तिच्या माळेचा शब्द पाळला. बोलायचं होतं ते मी. बरणी चुलीजवळ नको, तर माझ्या टेबलावर, पुस्तकांच्या कपाटात ठेवता आली असती. एवढी साधी गोष्ट. तेवढीही सुचली नाही, कारण सुचवून घ्यायची नव्हती.

आई गेल्यावरही हिने घरात कधी मासा आणला नाही. मी एकदा म्हणालो, "आता आण की." ती म्हणाली, "आता सवय गेली." मी तेही खरं मानलं, सोयीचं होतं म्हणून. न्यू जर्सीत त्या शिंपलीकडे बघताना तिचा चेहरा पाहिला, तेव्हा कळलं की सवयबिवय काही गेलेली नव्हती. तरीही पुढची चौदा वर्षं गेलीच. आळस म्हणा, लाज म्हणा.

शेवटी नातीने मनावर घेतलं. ती मुंबईला नोकरी करते. 2025 च्या जानेवारीत तिने बाजारातून तिसऱ्या घेतल्या, आजीला फोन करकरून कशा न्यायच्या ते विचारलं, आणि रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने निघाली. हिने फोनवर दिलेल्या सूचना मी ऐकत होतो. तिसऱ्या जिवंत हव्यात. पाण्यात बुडवून आणायच्या नाहीत, गोड्या पाण्यात त्या मरतात. खाली बर्फ, वर जाळी, त्यावर ओलं फडकं आणि त्यात तिसऱ्या. डबा घट्ट बंद करायचा नाही, त्यांना हवा हवी. थंडीचे दिवस होते म्हणून हे जमलं. मे महिन्यात आमच्याकडे करायला जाऊ नका. सकाळी अमरावतीला उतरून पन्नासेक किलोमीटर मोटारीने, आणि साडेनवाच्या आत डबा आमच्या ओट्यावर.

खोबऱ्याची एकशिपी करायची की त्या अमेरिकन पद्धतीची, यावर चर्चा झाली. मी म्हणालो, "पावाची. आणि मी करणार." दोघी हसल्या. मी आजवर चहापलीकडे गेलेलो नाही. पण हट्ट धरला. कारण मी सांगितलं नाही, हिने विचारलं नाही.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी कृती देतो. आधी तिसऱ्या निवडायच्या. फुटलेल्या टाकायच्या. तोंड उघडं असेल तर ओट्यावर टकटक करायची. जिवंत असेल तर ती मिटते. मिटली नाही तर फेकायची, मोह धरायचा नाही. मग लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ, म्हणजे समुद्राइतकं खारट, करून तासभर झाकून ठेवायच्या. त्या आतली वाळू टाकतात. मी भिंग घेऊन बघत बसलो होतो. एकेकीने बारीक नळी बाहेर काढली आणि पाण्याची चूळ टाकली! आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना किडे न समजता बघत होतो.

मग हिरव्या मिरचीइतकाही मसाला न घालता पातेल्यात अर्धी वाटी पाणी, वर झाकण, मोठी आच. तीन-चार मिनिटांत तोंडं उघडतात. उघडली की लगेच बाहेर. जी उघडत नाही ती टाकायची. तळाचं पाणी फडक्यातून गाळून ठेवायचं, त्यातच सगळी चव. एक शिंपली मोडून काढायची. इथे हिने माझ्या हातातून सुरी घेतली आणि अंगठ्याने कट कट करत वीस-बावीस शिंपल्या मोडल्या. हात काही विसरला नव्हता.

चुऱ्याला दोन दिवसांचा शिळा पाव. ताजा चालत नाही, त्याचा गोळा होतो. तो उन्हात वाळवून जाडसर कुटायचा, पीठ करायचं नाही. थोड्या तेलात बारीक लसूण नुसती वास सुटेतो परतायची, चुरा घालायचा, फिका गुलाबी झाला की उतरवायचा. त्यात कोथिंबीर, मिरपूड, लिंबाच्या सालीचा कीस. पार्सली आमच्याकडे मिळत नाही, आणि कोथिंबिरीने काही बिघडत नाही. मीठ अजिबात नको. तिसरी आपलं मीठ घेऊन येते. मग गाळलेलं पाणी फक्त एवढं, की चुरा मुठीत दाबला तर राहावा आणि बोट लावलं तर सुटावा. माझी पहिली खेप इथेच बिघडली. चव आहे म्हणून मी चार चमचे पाणी ओतलं. त्याचा सांजा झाला. नात म्हणाली, "आजोबा, हा उपमा तुम्हीच खा." पाणी जास्त झालं की ओव्हनची सगळी धग ते आटवण्यात जाते, चुऱ्याला रंग चढत नाही, आणि तोवर खालचं मांस चामडं होतं.

दुसऱ्या खेपेला शहाणा झालो. ट्रेमध्ये खड्या मिठाचा बोटभर थर घातला, म्हणजे शिंपल्या कलंडत नाहीत. प्रत्येकीवर अर्धा चमचा चुरा, दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. वरून तेलाचा थेंब. ओव्हन आधीच 220 अंशांवर तापवून ठेवलेला, वरची कॉइल चालू. सात मिनिटं. कडेला तपकिरी दिसलं की बाहेर. मांस आधीच शिजलेलं आहे, रंग फक्त चुऱ्याला आणायचा.

घरात वास सुटला. भाजलेल्या पावाचा, लसणीचा आणि त्याखाली काहीतरी ओला, खारा वास. आमच्या देवघराला लागूनच स्वयंपाकघर आहे. आईचा फोटो बाहेरच्या खोलीत. मी उठून फोटोकडे तोंड केलेलं नाही किंवा पाठही केलेली नाही; मनात मात्र आलं ते सांगतो. आईने मला माफ करावं असं वाटलं नाही. तिच्यापुरता तिचा शब्द पुरा झाला होता. माफी मागायची होती ती समोर बसलेल्या बाईची.

हिने पहिली शिंपली उचलली. फुंकर मारली. चुरा कुरकुरला तो मला ऐकू आला. मग शिंपली तोंडाला लावून रस ओढून घेतला, अगदी लहान मुलीसारखा आवाज करत. मी वाट बघत होतो.

"बरां झालां," ती म्हणाली. "पण ह्येका खोबरां होयां."

मी म्हणालो, "त्या बरणीचं माझं चुकलं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. दुसरी शिंपली घेतली. मग म्हणाली, "लोणच्यात आईने तिरफळं घातली होती. मला बरणीचं झाकण उघडल्यावरच वास आला." आणि तिसरी उचलली.

माझी माळ नाही, पण या वयात मी खाल्ली नाही. चुरा मात्र खाल्ला, ट्रेमधला सांडलेला. त्याला समुद्राची चव होती. पंचवीस-तीस कण असतील. परमहंस मंडळीच्या सभासदाइतकं ते धाडस नव्हे, हे मला कळतं.

शिंपल्या धुऊन ठेवल्यात. 1978 च्या त्या पाच-सहांपैकी एक अजून हिच्या कपाटात आहे, काठाला थोडी झिजलेली. नातीचं लग्न ठरतंय. पुढेमागे बाळाला लागेल म्हणून हिने नव्यातल्या दोन बऱ्या निवडून तिच्या पिशवीत घातल्या आहेत. आणि पुढच्या जानेवारीत खोबऱ्याची एकशिपी करायचं ठरलंय. नारळ मी खवून देणार आहे.

असो. फार लांबलं.